योगायोगाचा मुहूर्त

हे तुमच्यापैकी कुणालाही खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. या ओट्यावर बसून मी आजवर पुष्कळ सांगितलं. कावेरीला पूर आला तेव्हा एक मगर आमच्या परसात येऊन ताक पिऊन गेली, हे सांगितलं, तुम्ही माना डोलावल्यात. जाताना तिनं भांडं विसळून ठेवलं म्हटलं, तेव्हाही डोलावल्यात. आज अक्षर न् अक्षर खरं सांगतोय, तर आजच तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. बघा. पण आधी माझ्या पायाकडे बघा, कारण पाय खोटं बोलत नाही.

श्रीदेवी, ते स्टूल हलवू नकोस. तू समोरच्या घरातून खास चौकशीला आलीस, केळी आणलीस, सगळं ठीक. पण या पट्टीच्या आत काय कळा येताहेत ते माझं मला ठाऊक. शुक्रवारपासून आज रविवारपर्यंत हा माणूस एका जागी बसलाय. ज्याला एका जेवणात दोनदा उठून दारापर्यंत जाऊन यावं लागतं, तो. सकाळी कोपऱ्यावर भाजीवाल्याशी कुणाचं तरी जोरात भांडण चाललं होतं आणि मला ते इथूनच, अर्धंमुर्धं ऐकावं लागलं. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

तर सुरुवात झाली ती आमच्या रम्याच्या सिनेमांपासून.

रम्या माझी नात. आईबाप मस्कतला, ती आमच्याजवळ. वय तेहतीस. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांच्या डोळ्यांत तिनं जितकं जवळून पाहिलंय तितकं कुठल्या नायिकेनं पाहिलं नसेल, पण तिला तिथं नंबर तेवढा दिसतो. रविवारी दुपारी ती टीव्हीवर सिनेमा लावते. सगळे एकाच जातीचे. परदेशातली एक मुलगी, नोकरी बरी, घर लहान, लग्न नाही. एक मैत्रीण असते, ती फोनवर सल्ले देते. मुलगी प्रेम शोधत असते. आधी तिला तीन पुरुष भेटतात, तिघेही कुचकामी. मग रस्त्यात ती एकाला धडकते, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिची कॉफी सांडते, भांडण होतं. तो नावडतो, मग तोच आवडतो, मग गैरसमज, मग ती अख्खा डबा मांडीवर घेऊन आइस्क्रीम खाते, आणि शेवटी कुणीतरी विमानतळावर पळतं. हे सगळं तमिळमध्ये. ती गोरी मुलगी 'अय्यो' म्हणून रडायला लागली की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं.

आमची मीनाक्षी, म्हणजे माझी बायको, हे सिनेमे माझ्याइतक्याच निष्ठेनं बघते, पण तिच्या शंका निराळ्या. ही मुलगी आंघोळ केव्हा करते. मुलाचं गोत्र कुणी विचारलं का. एकदा नायिका विमानतळाकडे धावत सुटली तेव्हा "अगे, गॅस बंद केलास का," असं मीनाक्षी इतक्या कळवळ्यानं म्हणाली की आम्ही तिघंही उठून आमचा गॅस बघून आलो. चालू होता.

मी मात्र या सिनेमांचा अभ्यास केला. माझा निष्कर्ष असा की यांतल्या एकाही मुलीला कामाचा आजोबा नाही. असता तर सिनेमा मध्यंतराआधीच आटोपला असता.

आता मुद्द्याचं. मागल्या महिन्यात नागपट्टिणमचा एक मुलगा रम्याला बघायला इथं कुंभकोणमला आला. आपलाच, घरात मराठी बोलणारा. रीतीप्रमाणे शिरा झाला, भजी झाली. रम्यानं बशी पुढं केली, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, आम्हा दोघांना वाटलं लागली गाडी रुळावर. तर ती म्हणाली, "तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू होतोय." मुलाकडून पुन्हा निरोप आला नाही. त्या रात्री उरलेली भजी झाकून ठेवताना रम्यानं सांगितलं की आता पुरे, यापुढं या घरात तिच्या नावानं भजी तळायची नाहीत. कुणी भेटायचा असेल तर रस्त्यात, आपोआप भेटेल. नाहीतर कोइम्बतूर आहेच.

हे कोइम्बतूर म्हणजे तिथला एक मोठा डोळ्यांचा दवाखाना. त्यांना रम्या हवी होती, एका अख्ख्या विभागाची प्रमुख म्हणून. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. ती गेली तर घरात मी, मीनाक्षी आणि आम्हा दोघांनाही लावता न येणारा टीव्ही. पण तेही सोडा. माझ्या गोष्टी ऐकणारे गावभर आहेत, अडवणारी एकच. चार वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून तिनं विचारलं होतं, "आजोबा, मगरीनं भांडं धरलं कशानं?" तुम्हा इतक्या शहाण्या माणसांना हे पन्नास वर्षांत सुचलं नाही. अडवायला कुणी नसेल तर माणसानं थापा मारण्यात काय राम आहे? म्हणजे, मारत असेल तर.

तेव्हा मी ठरवलं. तिला योगायोग हवा आहे ना, तर घडवून आणू. परक्या देशात योगायोग आपोआप होत असतील, तिथले रस्ते रुंद आहेत. इथं प्रत्येक गोष्ट घडवावी लागते.

पहिलं काम मुलगा. तिरुविडैमरुदूरचा हरिप्रसाद मी हेरून ठेवला होता. आपलाच, पितळी समयांचा धंदा, दर शुक्रवारी आपल्या बाजारात येतो. वय चाळिशीच्या अलीकडचं, स्वभाव गरीब, डोळे दुरून तरी ठीक. गोत्र वेगळं. पत्रिका मी परस्पर मागवून जुळवून घेतली. इकडच्या रीतीनं दहापैकी आठ गोष्टी जुळल्या. दोन अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांवर आदळणार म्हणजे आधी पत्रिका बघायला नको का? उद्या आदळल्यावर कळलं की गोत्र एकच, मग?

हरिप्रसादला विश्वासात घ्यावंच लागलं. तो आईला विचारून आला. आई म्हणाली, धडक, पण सदरा जुना घाल.

दुसरं काम कॉफी. इथं आमचे शेजारी कृष्णमूर्ति मदतीला आले. हे काय, खांबाला टेकून बसलेत, विचारा त्यांना. ते म्हणाले, सिनेमातली कॉफी कागदी पेल्यात असते, झाकण लावलेली, म्हणून ती सांडते तरी बेतानं. आपली दाट दुधाची डिग्री कॉफी पितळी डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, वर फेस, खाली निखारा. ती अंगावर पडली तर मुलगा थेट दवाखान्यात जाईल. मग कोमट घ्या, असं मी म्हटलं. यावर कृष्णमूर्ति माझ्याशी अर्धा दिवस बोलले नाहीत. कुंभकोणममध्ये कोमट कॉफी हातात घेऊन रस्त्यानं चालायचं, लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. शेवटी मीनाक्षीनं निकाल दिला की ती ताजी कॉफी करून नेईल आणि निवेपर्यंत पदराखाली धरेल.

तिसरं काम जागा. रम्या दुकानातून जेवायला घरी येते त्या वाटेवर, देवळाच्या पाठच्या कोपऱ्यात, एक खड्डा होता. दोन वर्षांचा, भरदार. त्याला वळसा घालताना दोन माणसं भिंतीशी इतकी जवळ येतात की धडकण्यावाचून गत नाही. असा खड्डा दैवानंच दिलेला. पण त्या आठवड्यात तिथं खडीचा ढीग दिसला. ताबडतोब कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही, तिथं माझे आणखी दोन अर्ज पडून आहेत. कारकुनाला म्हटलं, तो खड्डा शुक्रवारपर्यंत बुजवू नका. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रस्ता दुरुस्त करा म्हणणारे अर्ज त्यानं जन्मभर घेतले होते. करू नका म्हणणारा पहिलाच. कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती मंगल कार्य. खड्ड्यात? म्हणाला. खड्ड्याच्या काठावर, मी म्हटलं. त्यानं तीन ठिकाणी विचारून माझा कागद उत्सवांच्या फायलीत लावला आणि वर ठेवला. तीच तर चूक झाली. दोन वर्षं ज्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्या खड्ड्याचं नाव साहेबांच्या टेबलावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं अशी गुळगुळीत दुरुस्ती झाली की शेजारची मंडळी माझे आभार मानायला आली. एकानं नारळ दिला.

खड्ड्यावाचून भागवायचं ठरलं. राहिली वेळ. रम्या त्या कोपऱ्यावर अकराच्या सुमारास पोचते. आणि वार शुक्रवार. आता शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा, त्या अशुभ वेळात कुठलंही चांगलं काम काढायचं नाही, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. माझं तर तुम्ही जाणताच. कळायला लागल्यापासून राहुकाळात मी या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मागं आमच्या स्वयंपाकघरात आग लागली होती तेव्हा सगळे बाहेर पळाले, बंबवाले आत आले आणि मी इथं उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहून त्यांना पाण्याची तोटी कुठं आहे ते सांगत होतो. बंबवाल्यांनी मला उचलून बाहेर न्यायचं म्हटलं. मी चौकट धरून ठेवली. शेवटी त्यांनी आगच विझवली. ही गोष्ट खरी आहे, कृष्णमूर्ति त्या दिवशी बादली धरून होते.

तेव्हा राहुकाळात धडक, आणि तीही जन्मभराची, शक्यच नव्हतं. मी दुकानाच्या मालकाला गाठून रम्याची जेवणाची सुट्टी बारानंतर करवून घेतली. मग शकुनाचा विचार. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला समोरून सवाष्ण यावी. मीनाक्षीला फुलं माळून, कॉफी पदराखाली घेऊन कोपऱ्यावर उभं करायचं ठरलं. म्हणजे शकुनही तीच आणि कॉफीही तिच्याकडेच. कृष्णमूर्ति छत्री उघडून इशारा करणार. मी समोरच्या विड्याच्या पानांच्या दुकानात बसून सगळ्यावर देखरेख करणार.

शुक्रवार उजाडला. बारा वाजून गेले. एका बाजूनं रम्या येताना दिसली. दुसऱ्या बाजूनं हरिप्रसाद, अंगात जुना सदरा, बगलेत नवा. छत्री उघडली. आणि इथं कृष्णमूर्तींना काय वाटलं देव जाणे, आपली छत्री हरिप्रसादला दिसत नसावी असं समजून ते त्याच्या दिशेनं चालायला लागले. एकटे. जानवं, कपाळाला भस्म, हातात छत्री. आता सांगा. शुभकार्याला निघालेल्या माणसाला समोरून एकटा ब्राह्मण आला तर तो काय करेल? जे आपल्यातला कुणीही करेल तेच हरिप्रसादनं केलं. जागच्या जागी थांबला, मागं वळला, मागच्या एका दुकानात जाऊन पाणी प्याला आणि बसून राहिला. आम्ही मुलगा बघितला, गोत्र बघितलं, राहुकाळ बघितला. इशारा करणारा माणूसच अपशकुन आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कृष्णमूर्ति, मान खाली घालू नका, चूक सगळ्यांची होती.

रम्या कोपऱ्यावर आली तेव्हा तिथं फक्त फुलं माळलेली तिची आजी आणि देवळातला हत्ती. हत्तीनं सोंडेनं मीनाक्षीच्या पदराखालचा डवरा काढला, कॉफी तोंडात ओतली, डवरा परत दिला आणि साखर कमी आहे अशी मान हलवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. रम्यानं आजीला विचारलं की उन्हात इथं काय करतेस. आता मीनाक्षी जन्मात खोटं बोललेली नाही, एवढा एक दोष तिच्यात आहे. ती म्हणाली, "शकुन."

रम्यानं तिच्या हातातला डवरा घेतला आणि तिला घरी आणलं. पण संध्याकाळी हरिप्रसाद घरी आला, हातात पानसुपारी घेऊन. माझ्यासमोर, रम्यासमोर, हात जोडून म्हणाला, "माफ करा, आज धडकायचा योग नव्हता. पुढच्या शुक्रवारी येतो, चालेल का?"

मी छताकडे बघितलं. रम्यानं त्याला बसायला सांगितलं, कॉफी दिली, गरम, पेल्यात. त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली की चष्म्याचा नंबर बदललाय, दुकानात या. तो गेल्यावर ती माझ्याजवळ इथंच बसली. मला वाटलं आता बोलणी खायची. तर ती हसत होती. मग हसायची थांबली.

"आजोबा, तुम्ही त्या सिनेमांचा शेवट बघता," ती म्हणाली. "मी सुरुवात बघते. ती मुलगी संध्याकाळी कामावरून येते आणि पर्समधून स्वतःच्या घराची किल्ली काढते. तेवढंच बघायला मी ते लावते. पुढचं सगळं मला पाठ आहे."

आता हे काय बोलणं झालं? आपल्या घराला कुलूपच नाही. कुणी ना कुणी ओट्यावर असतंच. किल्ली हवी तर लोहाराकडून दहा करून आणतो म्हटलं. तिनं माझा हात थोपटला आणि कोइम्बतूरला होकार कळवून टाकला.

पुढं आठवडाभर घरात बांधाबांध. मी या खोलीतून त्या खोलीत. ती एक गोष्ट बॅगेत ठेवायची, मी तिची नजर चुकवून काढायचो. लोणच्याची बरणी आम्ही सहा वेळा फिरवली. तिकीट मिळालं तेही बघा, याच शुक्रवारचं, ऐन राहुकाळात सुटणारी गाडी. मी हट्ट धरला की निदान घर तरी राहुकाळ लागायच्या आधी सोड. तिनं ऐकलं. दहा वाजता रिक्षात बसली. मीनाक्षीनं दही-साखर हातावर ठेवली, मी तोंड फिरवून रिक्षावाल्याला उगाच रस्ता समजावला.

ती गेली आणि घर असं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाला मी दोनदा गप्प बस म्हटलं. आणि मग मला आठवलं. प्रत्येक सिनेमात शेवटी कुणीतरी धावतं. आमच्या पोरीसाठी कोण धावणार होतं? हरिप्रसाद? त्याला वाटेत मांजर आडवं गेलं असतं. कुणीतरी धावायलाच हवं होतं, आणि घरात पुरुष मी एकटा.

मी धावलो. घड्याळात अकराचे ठोके पडत होते आणि मी या दारातून असा सुटलो की चप्पल मागं राहिली. हसू नकोस श्रीदेवी. या वयात माणूस धावत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. देवळाला वळसा घातला. फुलवाल्यांच्या टोपल्यांवरून उडी मारली, एक नाही, ओळीनं सगळ्या. तोच हत्ती आडवा आला, त्यानं मला ओळखून वाट दिली. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, आपले राव कसे चाललेत, वाऱ्यासारखे. थांबा, उठून दाखवतो कसा... नको, नको, पाय. कळ आली.

आणि त्याच कोपऱ्यावर, जिथं खड्डा होता, तिथं पाय घसरला. खड्डा असता तर मी वळसा घातला असता, पडलो नसतो. त्या गुळगुळीत सिमेंटनं घात केला. हा पाय अंगाखाली आला. तरी मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, सव्वाअकरा. अजून गाडी सुटायची होती. लोकांनी मला उचलून घरी आणलं, कृष्णमूर्तींनी पट्टी बांधली आणि रम्याला फोन लावून एवढंच सांगितलं की आजोबा पडले. कुठं, कधी, कसे, काही विचारलं नाही पोरीनं. गाडी फलाटावर उभी होती ती सोडून, बॅगेसकट, मिळेल त्या रिक्षानं परत आली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पायाला तेल लावते, कोइम्बतूरचं नाव काढत नाही. आज रविवार असून सिनेमासुद्धा लावला नाही.

मीनाक्षी कुठं आहे म्हणता? आत आहे. तिनं शुक्रवारपासून मौनव्रत धरलंय, माझा पाय बरा व्हावा म्हणून. कृष्णमूर्तींनाही खोकला झालाय, बोलवत नाही त्यांना.

तर अशी ही खरी गोष्ट. त्या सिनेमांतला कुठला नायक असा धावला असेल? तो तरणाताठा, त्याला विमानतळ. मी शहात्तर वर्षांचा, अनवाणी, भर शुक्रवारी अकरा वाजता...

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की श्रीदेवी माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागं बघत होती. दारात रम्या उभी होती, कॉफीचे पेले घेऊन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. कॉफीवरचा फेस बसला होता. तिनं आधी कृष्णमूर्तींना पेला दिला, मग श्रीदेवीला. माझा पेला माझ्या हातात देऊन ती उंबऱ्यावर बसली. लहानपणी मगरीच्या गोष्टीला बसायची तशीच, हनुवटी गुडघ्यावर टेकून.

"आजोबा," ती म्हणाली, "शुक्रवारी अकरा वाजता राहुकाळ असतो. घराला आग लागली होती तरी तुम्ही हा उंबरा ओलांडला नाहीत." तिनं उंबऱ्यावरून हात फिरवला. "उद्या सोमवार. माझी गाडी राहुकाळ टळल्यावरची आहे, तुमच्यासाठी बघूनच तिकीट काढलंय. स्टेशनपर्यंत चालत याल ना सोडायला?"